सरकार गेलं तर विकून टाक

उमरेडच्या नामदेवराव कोहाडांनी माझी नोकरी वाचवली, हे आधीच सांगून टाकतो. लेख लांबत गेला आणि शेवटी घाईत त्यांचंच नाव राहून गेलं, असं व्हायला नको. त्यांचे शेअर मी नको त्या वेळी विकले होते. नुकसान त्यांचं झालं आणि वाचवलंही त्यांनीच, मला. असा माणूस पुन्हा भेटला नाही. भेटू नये असंच वाटतं, कारण असा माणूस भेटायला आधी तशी चूक करावी लागते.

नागपूरच्या इतवारीत एका शेअर दलालाच्या लहानशा ऑफिसात मी डीलर आहे. गाव माझं कोल्हापूरकडच्या आजरा तालुक्यातलं. नववीत शाळा सुटली. नागपूरला आलो तो संत्र्याच्या गाड्या भरणाऱ्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे, तिथून या ऑफिसात फायली लावायला, आणि फायली लावता लावता एक दिवस खुर्चीवर. गावाला जायचं तर दीड दिवस प्रवासातच मोडतो, म्हणून जाणं कमीच. इथे मला माझ्या नावाने कोणी हाक मारत नाही. सगळे ‘कोल्हापूर’ म्हणतात. इतकी वर्षं झाली, तरी सकाळी सव्वानऊला बाजार उघडला की पहिली ऑर्डर मी तीनदा वाचतो. शिकलेल्या माणसाची चूक झाली तर लोक म्हणतात, चूक झाली. माझी झाली तर म्हणतील, नववी नापास खुर्चीवर बसवला की असंच होणार. ही भीती अजून गेलेली नाही.

डीलर म्हणजे काय, ते बाहेरच्यांसाठी सांगतो. गिऱ्हाईक फोन करतं. त्याच्याकडून चार गोष्टी घ्यायच्या: घ्यायचे की विकायचे, कुठला शेअर, किती, काय भावाला. मग त्याच चार गोष्टी मोठ्याने परत म्हणून दाखवायच्या. तिकडून ‘हो’ आलं की बोट खाली. घ्यायची खिडकी निळी, विकायची लाल. फोनवरचं सगळं बोलणं रेकॉर्ड होतं, आणि भांडण झालं तर ते रेकॉर्डिंगच देव. आमच्या खाली भांड्यांचं ठोक दुकान आहे. टेम्पोतून पातेली उतरवताना असा आवाज होतो की फोनवरचा माणूस घाबरून विचारतो, ‘मार्केट पडलं का?’ मी सांगतो, ‘नाही, पातेलं पडलं.’

आता लोक मला नेहमी विचारतात ते. दिल्लीत कोणाचं सरकार आहे याने शेअर बाजाराला एवढा काय फरक पडतो? मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही, खुर्चीवरून जे दिसलं तेच सांगू शकतो. रस्ते, रेल्वे, वीज, कोळसा, सिमेंट या कंपन्यांचं मोठं गिऱ्हाईक सरकारच असतं. काही कंपन्यांचं तर मालकही तेच. त्यामुळे कोण येणार, कशावर खर्च करणार, कर वाढवणार की कमी करणार, या अंदाजावर त्यांचे भाव हलतात. पण मला पुढे कळलं ते असं, की बाजाराला कुठल्या एका पक्षाचं प्रेम नसतं. एकदा लोकांनी मनाशी धरलं की अमुक पक्ष येणार, की ते येणं निकालाआधीच भावात चढून बसतं. मग तो पक्ष खरंच आला तरी भाव फार वाढत नाही, आणि अपेक्षेपेक्षा थोडा कमी आला तरी धाडकन पडतो. धक्का बसतो तो ठरवून ठेवलेलं चुकल्याचा. न आवडणारा पक्ष आला आणि नीट टिकला, तर बाजार महिन्या-दोन महिन्यांत त्याच्याशीही जमवून घेतो.

हे आमचे मोतीभाऊ माझ्या आधीपासून जाणत होते. मोतीभाऊ इतवारीतले धान्याचे व्यापारी. सरकारवर त्यांचा कायम राग, आणि शेअर मात्र सगळे सरकार टिकलं तर वाढणारे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “मत एकाले, पैसा दुसऱ्यावर. दोन्ही एकाच टोपलीत टाकाले मी येडा हाओ का?”

नामदेवराव याच्या अगदी उलट.

ते कोळसा खाणीवर वजनकाट्याचे बाबू होते. ट्रक काट्यावर चढला की वजन लिहायचं, उतरला की लिहायचं, आयुष्यभर तेच. अक्षर छापल्यासारखं. निवृत्तीनंतर जे मिळालं त्यातला मोठा भाग त्यांनी शेअरमध्ये घातला, आणि तेही फक्त सरकारी कंपन्यांच्या. तीस वर्षं ते एका पक्षाचं काम करत होते, सत्तेत असलेल्या. तिकीट कधी मागितलं नाही, मागितलं असतं तरी मिळालं नसतं. चिठ्ठ्या वाटणं, बूथवर बसणं आणि मतमोजणीला पक्षाचा प्रतिनिधी म्हणून टेबलासमोर बसणं, ही त्यांची कामं. मोजणीला त्यांनाच पाठवायचे, कारण माणूस आकडा चुकत नाही आणि चहासाठी उठत नाही.

दर आठ-पंधरा दिवसांनी ते उमरेडहून एसटीने यायचे. भाव विचारायचे, विकायचे काहीच नाही. माझ्यावर त्यांचा एक उपकार आधीच होता. डीलरला एक परीक्षा पास व्हावी लागते. मी दोनदा नापास झालो, दोन्ही वेळा टक्केवारीत. कोणाला सांगायची लाज. नामदेवरावांनी माझं पुस्तक पाहिलं आणि न विचारता शेजारी खुर्ची ओढली.

“टक्का म्हणजे ओल, गा,” ते म्हणाले. “दहा टन कोळसा आला. त्यात तीन टक्के ओल. तं कोरडा किती?”

मी बोटं मोजायला लागलो.

“अबे, एका टनात किती ओल ते तं काढ आधी.”

महिनाभर दुपारच्या जेवणाच्या वेळी त्यांनी मला कोळसा वाळवायला शिकवला. तिसऱ्यांदा मी पास झालो. पेढे घेऊन गेलो तर म्हणाले, “पेढ्यात किती टक्के साखर हाय, काढलं का?”

अशा माणसाने काही सांगितलं तर मी नाही कसं म्हणणार? माझी चूक इथूनच सुरू झाली.

लोकसभेचं मतदान संपलं. टीव्हीवर एक्झिट पोल आले की सत्तेतला पक्ष पहिल्यापेक्षाही जोरात परत येणार. त्यानंतर बाजार उघडला तो उड्या मारतच. सरकारी कंपन्यांचे शेअर तर असे वर गेले की आमचे मालक, सेठजी, खुर्चीवरून उठून स्क्रीनला नमस्कार करून आले. दुसऱ्या दिवशी मतमोजणी होती.

बाजार साडेतीनला बंद झाला आणि चारच्या सुमाराला नामदेवराव जिना चढून आले. शेजारच्या खुर्चीवर पुष्पाताई होत्या, आमच्या ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या डीलर.

“उद्या मी आत राहीन,” नामदेवराव म्हणाले. “सकाळीच मोबाईल बाहेर जमा करा लागते. निकाल लागेपर्यंत बाहेरची हवा नाही.”

मी म्हटलं, “मग आज अर्धे तरी विकायचे होते, काकाजी. भाव चांगला होता. गाळ्याचे पैसे बाजूला निघाले असते.”

गाळ्याचं मला माहीत होतं. त्यांची मुलगी सरिता सासर सोडून कायमची माहेरी आली होती. तिला उमरेडच्या मेन रोडवर हातमागाच्या साड्यांचं दुकान काढून द्यायचं ठरलं होतं. गाळा पाहून ठेवला होता आणि महिनाअखेर पैसे भरायचे होते. हे शेअर विकूनच ते भरायचे होते. दुसरं काही नव्हतं.

“निकालाच्या आदल्या दिवशी विकू?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांना दुसऱ्या पक्षाचा झेंडा धरायला सांगितलं. “तीस वर्षं लोकायले सांगून राहिलो, भरवसा ठेवा. मीच नाही ठेवला तं दुसऱ्यानं काहून ठेवावा गा?”

पुष्पाताई हसल्या. “काकाजी, तुमच्या पक्षाले काय समजते जी, तुम्ही विकले का ठेवले ते?”

“मले समजते ना.”

पुष्पाताईंनी दिवसाच्या पावत्या पुढे ओढल्या.

मग ते माझ्याकडे वळले. “पण पोरीचं मी विसरलो नाही. ऐक. आपलं सरकार आलं तं हात लावू नको. गेलं तं सगळं विकून टाकजो. माझी वाट पाहू नको.”

“भाव काय लिहू?”

“सरकार गेल्यावर भाव काय पाहतोस? जो असन तो.”

मी एका चिठ्ठीवर लिहिलं: ‘सरकार गेलं तर सगळं विकणे.’ ते जिना उतरले तशी पुष्पाताईंनी ती चिठ्ठी माझ्यापुढून उचलली.

“कोल्हापूर, हे काय करून राहिला तू? मशीनले सरकार समजते का? गिऱ्हाईक राजकारण बोलन, आपण भाव लिहाचा. या भावाच्या खाली आलं तं विका, असं घ्याचं होतं. उद्या त्यायले फोन लावजो मंग.”

“फोन जमा असतो त्यांचा.”

“मंग उद्या तूच राष्ट्रपती. सरकार हाय का गेलं, तूच ठरव.”

मी हसलो. रात्री नीट जेवलो, झोपलोही. इतका शहाणा होतो.

सकाळी सेठजींनी टीव्ही भिंतीवर लावून घेतला होता. दोन किलो पेढे टेबलावर. साडेआठपासून मोतीभाऊ दारात उभे. बाजार उघडला तो थोडा खालीच. सेठजी म्हणाले, “होता है, होता है.” मग टीव्हीवरचे आकडे बदलायला लागले. सत्तेतला पक्ष पुढे होता, पण लोकांनी मनाशी धरलं होतं तेवढा नाही. तासाभरात दिसायला लागलं की एकट्याच्या जोरावर बहुमत होत नाही. मित्रपक्ष धरले तर होतं, नाही धरले तर नाही.

आणि बाजार कोसळला. माझ्या स्क्रीनवर एक ओळ हिरवी राहिली नाही. चारही फोन एकदम वाजत होते. कोणी विका म्हणत होतं, कोणी नुसतंच रडत होतं. सरकारी कंपन्या सगळ्यांच्या पुढे खाली चाललेल्या. आदल्या दिवशी त्याच सगळ्यांच्या पुढे वर गेल्या होत्या.

माझ्यासमोर चिठ्ठी. सरकार गेलं तर.

गेलं का?

नामदेवरावांचा फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. पुष्पाताईंच्या दोन्ही कानांना फोन होते. मी विचारलं, “ताई, सरकार गेलं म्हणायचं का?” त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं की मला नको विचारूस. सेठजी स्वतःच्या शेअरकडे बघत दगडासारखे बसले होते.

दारातून मोतीभाऊ ओरडले, “गेलं! बहुमत नाही म्हणजे गेलंच ना बे!”

त्या दिवशी मोतीभाऊंचं मत जिंकत होतं आणि पैसा हरत होता. हसावं की रडावं, ते त्यांच्या तोंडाला कळत नव्हतं. जिन्यावरून दुसरं कोणी म्हणालं, “युती हाय ना, कुठी गेलं?” मोतीभाऊ त्याच्यावर धावले, “युती गिती काही नाही, पाहाजो तू, संध्याकाळपर्यंत घरी जाते सगळे!”

आज विचार केला की वाटतं, ज्याला सरकार जायला हवं होतं त्याला मी विचारत होतो की सरकार गेलं का. पण त्या वेळी प्रत्येक मिनिटाला भाव खाली चालला होता आणि प्रत्येक मिनिटाला मला मेन रोडवरचा तो गाळा हातातून निसटताना दिसत होता. थांबलो आणि सरकार खरंच गेलं असेल तर? काकाजी म्हणतील, सांगून गेलो होतो ना, वाट पाहू नको म्हणून.

रोजची सवय म्हणून बंद फोन कानाला लावून मी चार गोष्टी मोठ्याने म्हटल्या. विकायचे. अमुक शेअर. सगळे. चालू भावाला. तिकडून कोणी ‘हो’ म्हटलं नाही. लाल खिडकी उघडली आणि बोट खाली गेलं.

त्यानंतरचा पाऊण तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात हुशार पाऊण तास. भाव आणखी खाली गेला. मी मनात म्हटलं, वाचवलं काकाजींना. एक पेढाही खाल्ला. दुपारी टीव्हीवर मित्रपक्षांचे लोक बोलायला लागले की आम्ही सोबतच आहोत. भाव थांबला. बाजार बंद होताना थोडा वर सरकला होता. खाल्लेला पेढा परत डब्यात ठेवता आला असता तर ठेवला असता.

सहाच्या सुमाराला माझा मोबाईल वाजला. मागे ढोल.

“आलं गा, कोल्हापूर! सीटा कमी झाल्या, पण सरकार आपलंच! मी आताच बाहेर आलो. एक आकडा चुकू नाही देल्ला टेबलावर.” मग आवाज खाली आणून, “हात नाही लावला ना तू?”

मी मोबाईल दुसऱ्या कानाला लावला.

“आहेस का गा?”

“विकले, काकाजी.”

“किती?”

“सगळे.”

ढोल वाजत राहिला. त्यांना नीट ऐकू आलं नसेल असं वाटून मी पुन्हा सांगणार होतो. तेवढ्यात ते म्हणाले, “बरं. येतो मी.” आणि फोन ठेवला.

ते आले दोन दिवसांनी. त्या दोन दिवसांत सरकार कोणाचं हे पक्कं झालं आणि बाजार जसा पडला होता तसा उठला. विकलेले शेअर जवळजवळ जुन्या भावाला गेले. मी पाहायचं नाही ठरवूनही दर दहा मिनिटांनी पाहत होतो.

तोपर्यंत सेठजींना कळलं होतं. ते ओरडले नाहीत. आमचे सेठजी ओरडत नाहीत, हळू बोलतात, आणि तेच जास्त लागतं. “रेकॉर्डिंग कुठे आहे भाऊ?” मी सांगितलं की नाही. “तर मग ऑर्डर पण नाही. माणूस तक्रार करेल तर त्याचं बरोबर आहे. भरून ऑफिसला द्यावं लागेल. आणि तुला मी ठेवू नाही शकत. बुरा मत मानना.”

मी काय वाईट मानणार? ते खरंच बोलत होते. घरी बायकोला सांगितलं. मुलगी इथल्याच शाळेत, मी इथल्यासारखं ‘मले’ न म्हणता ‘मला’ म्हणतो म्हणून रोज मला हसणारी. ही खुर्ची गेली तर दुसरा कोणी दलाल मला घेणार नाही हे मला माहीत होतं. नावावर तक्रार असलेला नववी नापास माणूस. ट्रान्सपोर्टमध्ये आता गाड्या भरायची ताकद नाही. गावाकडे जाऊन काय सांगणार?

नामदेवराव आले ते सरिताताईंना घेऊन. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. वडिलांसारखंच ताठ बसणं. सेठजींनी पाणी दिलं. त्यांनी पेला बाजूला ठेवला आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

“तुम्हीच का जी ते? दिल्लीत सरकार पडलं नाही अन् इतवारीत तुम्ही पाडलं?”

ऑफिसात कोणी हसलं नाही. पुष्पाताईंनी मान खाली घातली.

सेठजी म्हणाले, “नामदेवराव, तुमची जी काही शिकायत असेल ती लिहून द्या. नियम तुमच्या बाजूने आहे.”

मी उभा राहिलो. “काकाजी, लिहून द्या. चूक माझीच आहे. तुम्ही त्या दिवशी ‘विका’ म्हणाला नव्हता. मी ठरवलं.”

नामदेवराव म्हणाले, “ती चिठ्ठी हाय का?”

मी दिली. त्यांनी चष्मा लावून ती एक ओळ कितीतरी वेळ वाचली.

“अक्षर तुझं हाय. शब्द माझे हाय.”

“बाबा,” सरिताताई म्हणाल्या.

“थांब वं.” ते सेठजींकडे वळले. “सेठजी, मी त्या दिवशी आत बसलो होतो, टेबलासमोर. एका एका मशीनचा आकडा लिहून राहिलो होतो. माझ्या डाव्या बाजूचा म्हणे, गेलं. उजव्या बाजूचा म्हणे, आलं. संत्र्याचं सरबत घेऊन येणारा पोट्टा म्हणे, गेलं. दुपारपर्यंत मलेच समजलं नाही सरकार गेलं का राहिलं. अन् मी तं आत होतो! याले इथं स्क्रीनवर काय समजन?”

“पण विकायचं त्यानं ठरवलं ना,” सेठजी म्हणाले.

“ठरवाले लावलं मी. आदल्या दिवशी हा म्हणत होता, अर्धे विका. मी नाही विकले. काहून नाही विकले, ते माझं मले माहीत.” चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाले, “भाव विचारला होता यानं. मीच म्हटलं, जो असन तो.”

मग त्यांनी कागद मागितला आणि त्या छापील अक्षरात लिहिलं की विकण्याची सूचना आदल्या दिवशी तोंडी त्यांनीच दिली होती, आणि त्यांची काहीएक तक्रार नाही. त्यात खोटं काही नव्हतं. पण त्या कागदाने भरपाई मागायचा त्यांचा रस्ता बंद झाला, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. मी ‘नको’ म्हणायला हवं होतं. एकदा म्हटलंही. दुसऱ्यांदा म्हटलं नाही. ती माझी खंत आहे, आणि शेअर विकल्यापेक्षा मोठी आहे.

सही करून ते सेठजींना म्हणाले, “याले काढाचं नाही. आता हा पुन्हा अशी चूक नाही करत. दुसरा आणाल तं तो नव्यानं करन.”

सेठजींनी कागद फायलीत लावला आणि मान हलवली.

नामदेवराव खाली उतरले. सरिताताई जिन्यावर थांबल्या. मी त्यांच्या मागे गेलो होतो, काहीतरी बोलायला, काय ते माहीत नव्हतं.

“तुमची नोकरी वाचली,” त्या म्हणाल्या. “आता आमच्या गाळ्याचं काय, ते सांगा.”

खाली पातेली उतरत होती. त्या उतरून गेल्या.

महिनाअखेरीला त्यांच्याकडे जे पैसे होते ते मेन रोडला पुरले नाहीत. तो गाळा एका मोबाईलवाल्याने घेतला. सरिताताई घरातल्या पुढच्या खोलीत दिवाण टाकून साड्या विकतात. माल चांगला असतो, पण त्या गल्लीत मुद्दाम कोण जाणार? ओळखीचे जातात, उधार नेतात. मी एकदा बायकोसाठी घ्यायला गेलो होतो. त्यांनी साडी दाखवली, भाव सांगितला, पैसे घेतले. जास्त एक शब्द नाही. मीही माफी मागितली नाही. मागितली असती तर ती माझ्या सोयीची झाली असती.

नामदेवराव अजून येतात, अजून पक्षाचं काम करतात. गाळ्याला न पुरलेले पैसे त्यांनी पुन्हा सरकारी शेअरमध्येच घातले. पुढच्या विधानसभेच्या वेळी निकालाच्या आदल्या दिवशी त्यांचा ऑफिसच्या फोनवर फोन आला, रेकॉर्ड होतो त्याच फोनवर. घोटून पाठ केल्यासारखं बोलले, “विकाचे. या शेअरचे अर्धे. आजच्या भावाले. मोठ्यानं म्हणून दाखव.” मी म्हणून दाखवलं. “हो,” ते म्हणाले. मग हळूच, “पक्षाले नको सांगू बे.”

मी हसलो, फोन ठेवला आणि लाल खिडकी उघडली. तीस वर्षांत जे त्यांनी कधी केलं नव्हतं ते माझ्यामुळे करायला लागले होते. शहाणपणाचं होतं, मीच कधीचा सांगत होतो. तरी काहीतरी माझ्या हातून मोडलं असं वाटलं.

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला स्वतःच्या खिशातून भरून देता येत नाही, नियम तसा आहे. आणि तो नसता तरी नामदेवरावांनी माझ्याकडून एक रुपया घेतला नसता. पैशाने हे फिटायचं नाही हे मला कळतं. पण उमरेडच्या बसस्टँडच्या मागे नवे गाळे बांधायला घेतले आहेत, आणि मी दोनदा जाऊन ते पाहून आलोय. शेवटचा गाळा रस्त्याकडे उघडतो, दुपारनंतर उन्हाच्या आड असतो, साड्यांचे रंग उडणार नाहीत. बांधणाऱ्याला मी नाव सांगितलंय: सरिता नामदेव कोहाड. त्याने विचारलं, तुमच्या कोण? मी म्हटलं, माझ्या मास्तरांची मुलगी.

मला वेळ लागेल. पगार माझा मोठा नाही आणि मुलगीही मोठी होते आहे. पण तो गाळा मी त्यांना मिळवून देणार आहे. हा लेख ज्यात येतोय तसले दिवाळी अंक नामदेवराव वाचत नाहीत, सरिताताई वाचतात की नाही माहीत नाही. कोणी वाचून दाखवला तर दाखवू दे. छापून आलं म्हणजे मला आता मागे फिरता येणार नाही, म्हणूनच तर लिहिलं. काकाजी, तुम्ही त्या दुकानात खुर्ची टाकून बसाल आणि गिऱ्हाइकाला साडीत रेशीम किती टक्के ते सांगाल, तो दिवस मी आणीन.